बरणीतला मुका नाकतोडा

त्या नाकतोड्याला मी मुका म्हणालो. स्वतःच्या घरात, खुर्चीत पाय पसरून, बायको आणि मुलगी दोघींना ऐकू जाईल असं ठासून म्हणालो. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

पण आधी माझं काम सांगायला पाहिजे. नाहीतर एका किड्यावरून सत्तावन्न वर्षांचा माणूस एवढा हादरला कशाला, असं कुणालाही वाटेल.

मी दौंडला रेल्वेत फिटर. डबे आणि वॅगन तपासायचं खातं. गाडी स्टेशनात शिरायला लागली की आमच्यातला एकजण रुळांच्या या बाजूला आणि एकजण त्या बाजूला उकिडवा बसतो. गाडी वेग कमी करत समोरून सरकते आणि आम्ही चाकांकडे बघत ऐकत राहतो. चाक एका जागी झिजून सपाट झालं असलं की ठक ठक ठक येतं. खाली काही लोंबत असलं की खडखडतं. आणि ॲक्सलचं बेअरिंग तापायला लागलं असलं की अगदी बारीक, सुई टोचावी तशी किरकिर येते. धूर, जळका वास हे सगळं नंतरचं. ती किरकिर ज्याला आधी कळते तो खरा गडी. तापलेलं बेअरिंग तसंच पुढं गेलं तर काय होतं, ते आमच्यात नवीन पोराला पहिल्याच दिवशी सांगतात आणि त्या दिवशी त्या पोराला जेवण जात नाही.

तेहतीस वर्षं मी हे केलं. हल्ली सगळ्यांच्या हातात तापमान मोजायची बंदूक असते. गाडी थांबली की बेअरिंगवर धरायची आणि आकडा वाचायचा. मीही धरायचो, पण नाक मुरडून. पोरांना म्हणायचो, "तुमची बंदूक गाडी थांबल्यावर बोलणार. माझा कान गाडी येतानाच सांगतो." पोरं हसायची, वर चहा पाजायची. मला माज होता त्या कानाचा. उगाच खोटं कशाला बोलू?

तो कान तयार झाला निमोण्यात, आमच्या बांधावर. शिरूर तालुक्यातलं आमचं गाव. पावसाळा सरत आला की बांधावरचं गवत कमरेएवढं व्हायचं आणि दिवेलागणीला त्यातून आवाज सुरू व्हायचा. रातकिड्याची थांबत थांबत येणारी किरकिर वेगळी. हा त्याहून पुष्कळ बारीक आणि सलग. एकदा झीईईई करून लागला की दम घेणं नाही. आवाज करणारा म्हणाल तर हिरवागार, पात्यासारखा लांबट, टोकदार डोक्याचा आणि अंगापेक्षा लांब मिशांचा. आमच्याकडे सगळ्यांनाच नाकतोडा म्हणतात. ह्याला आम्ही दोघं भाऊ मिशाळ म्हणायचो.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन आणि धाकटा पाच-सहाचा. मिशाळ पकडायचा म्हणजे त्याच्या आवाजाच्या रोखानं जायचं. पण चालायला लागलं की पायाखालच्या वाळक्या गवताची सळसळ कानात भरते आणि मिशाळ चालू आहे का गप्प झालाय तेच कळेनासं होतं. म्हणून धाकट्याला मी बांधाच्या टोकाला उभा करायचो. हलायचं नाही, बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. मिशाळ ओरडतोय तोवर त्यानं एक बोट वर धरायचं. बोट वर असलं की मी पुढं सरकणार. मिशाळ गप्प झाला की बोट खाली, आणि मी आहे तिथं थिजणार, एक पाय अधांतरी असला तरी. पुन्हा आवाज लागला की पुन्हा बोट वर. असे किती मिशाळ पकडले आणि सोडून दिले त्याला गणती नाही. धाकट्याच्या बोटानं मला एकदाही फसवलं नाही.

पुढं मी नोकरीला लागलो, दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहायला आलो, आणि धाकट्यानं शेती सांभाळली. आमच्यात कधी वाटणीचा शब्द निघाला नाही की भांडण झालं नाही. तो कधी माझ्यापुढं आवाज चढवायचाच नाही. चढवायचो तो मीच.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याला गावी गेलो होतो. संध्याकाळी सवयीनं बांधावर जाऊन उभा राहिलो. गवत होतं, उजेड कलला होता, लांब कुठंतरी टिटवी ओरडत होती, ओढ्याकडं रातकिडे लागले होते. पण मिशाळ? नाव नाही. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. एक नाही! आणि बांधाला टेकवून ठेवलेला फवारणीचा पंप दिसला. धाकट्यानं त्या दिवशी कांद्यावर औषध मारलं होतं. माझं टाळकंच सटकलं.

"मारलेस ना सगळे?" मी ओरडलो.

"काय मारलं दादा?"

"मिशाळ! एकाचा तरी आवाज येतोय का? ऐक की! कान आहेत ना तुला?"

धाकट्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याची बायको गवताच्या भाऱ्यापाशी विळा घेऊन उभी होती, तिनं त्याच्याकडं पाहिलं. धाकट्यानं मान खाली घातली. मी म्हटलं, झालं, गुन्हा कबूल.

दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या पारावर पाच-पंचवीस माणसं बसली होती, तिथं मी तोंड सोडलं. सख्खा भाऊ आहे म्हणून झाकणार नाही, ह्यानं बांधावरचा जीव न् जीव विष घालून मारलाय, असं काहीबाही बोललो. शेजारच्या रानातला गडी मध्येच म्हणाला, "पर दादा, माझ्या बांधाला तर..." त्याच्या शेजारी धाकटा बसला होता. त्यानं त्या गड्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ द्या. दादा म्हणत्यात तर आसंल तसं."

तिथून मी बोलणं टाकलं. गेल्या वर्षी पुतण्याचं लग्न झालं. मी गेलो, अक्षता टाकल्या आणि पंगतीत न बसता मोटरसायकलकडं निघालो. धाकटा वाढलेलं ताट हातात घेऊन गाडीपर्यंत मागं आला. "दादा, दोन घास तरी खावा." मी काय म्हणालो माहितीये? "तुझ्या रानातलं विष मला नको." नव्या नवरीच्या माहेरची माणसं तिथंच उभी होती. धाकटा ताट घेऊन तसाच उभा राहिला आणि मी किक मारली. हे मी केलंय. दुसऱ्या कुणी नाही.

आता त्या बरणीकडं येतो.

माझी मुलगी शिरूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिथंच हॉस्टेलला राहते आणि शनिवारी एसटीनं घरी येते. या दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी आली ती प्लास्टिकची बरणी घेऊन. झाकणाला भोकं पाडलेली, आत थोडं गवत, काकडीची फोड आणि गवतावर तो. मी ओरडलोच, "अगं, हा तर मिशाळ! कुठं मिळाला तुला?"

तिनं एकदा स्वयंपाकघराकडं बघितलं. "मिळाला एका बांधावर. कॉलेजचं काम आहे पप्पा. गारव्यात आणि उन्हात ह्याचा आवाज किती बदलतो ते बघायचंय."

माझा जीव सुपाएवढा झाला. बरणी टेबलावर ठेवली, मी खुर्ची ओढून बसलो आणि तिनं मला ते सगळं समजावून सांगितलं. इतकी वर्षं मला वाटायचं मिशाळ तोंडानं ओरडतो. तर नाही. त्याचा डावा पंख उजव्यावर असतो. डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला एक दातेरी शीर असते, अगदी लोखंड घासायच्या आमच्या कानशीसारखी. उजव्या पंखाला कडक धार असते. ती धार त्या कानशीवर घासली की आवाज. आणि पंखावर पातळ पापुद्रा असतो, तो हलगीसारखा आवाज मोठा करतो. ओरडतो तो फक्त नर. मादी ऐकून येते. आणि ऐकते कशानं? पायानं! पुढच्या पायात, गुडघ्याच्या जरा खाली, कान असतात म्हणे.

"आयला!" मी म्हणालो. तेहतीस वर्षं फिटर आहे मी, कानस आयुष्यभर हातात. आणि हा बेटा जन्मतःच पंखात कानस घेऊन आलेला. मी खूश.

दिवेलागण झाली. मुलीनं खिडकीचा पडदा ओढला. मिशाळानं मिशा हलवल्या, पंख जरासे उचलले आणि ते थरथरायला लागले. इतके जोरात की पंखांच्या कडा दिसेनात. मी कान पुढं केला. काही नाही. जवळ गेलो. काही नाही. मग मागं रेलून मी ते वाक्य बोललो.

"बघितलंस? पंख घासतोय आणि आवाज नाही. मुका झालाय बिचारा. औषधं मारून मारून ह्यांची कानसच गुळगुळीत केली लोकांनी. तुझ्या काकासारख्यांनी."

मुलगी माझ्याकडं बघतच राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मला वाटलं, काकाचं नाव काढलं म्हणून. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको आली, एक हात पिठाचा, दुसरा हात कानावर. "अगं, तो डबा बाहेर ठेव ना गॅलरीत. डोकं उठलं माझं. केव्हाचा झींऽऽ लावलाय."

मी हसलो. म्हटलं, मायलेकींनी ठरवून चेष्टा चालवलीय. बायकोनं माझ्याकडं बघितलं. कानावरचा हात तिनं हळूच खाली घेतला.

"पप्पा," मुलगी म्हणाली आणि तिनं मोबाइल पुढं केला. त्यावर आवाज मोजायचं काहीतरी होतं, उभ्या रेघा. रेघा वर टेकल्या होत्या. मी बरणीला टिचकी मारली. पंख थांबले आणि रेघा धपकन खाली आल्या. थोड्या वेळानं पंख थरथरले आणि रेघा वर.

"मोबाइल बिघडलाय तुझा," मी म्हणालो. अजूनही माझी हीच तऱ्हा!

पण तपासल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही आमची शिकवण. मी बायकोला म्हणालो, "तू भिंतीकडं तोंड करून उभी राहा. आवाज आला की बोट वर. थांबला की खाली. मागं वळून बघायचं नाही." ती नको म्हणत होती. मी ऐकतोय थोडाच? तिला खांद्याला धरून भिंतीकडं वळवलं. टिचकी मारली, पंख थांबले. तिचं बोट खाली. पंख लागले, बोट वर. पुन्हा टिचकी, बोट खाली. एकदा, दोनदा, सातदा. बायको भिंतीकडं बघत होती, तिला बरणी दिसणं शक्यच नव्हतं. आठव्या वेळेला मी डोळे चोळून बघितलं तर पंख स्थिर होते आणि तिचं बोट वर. मी टाळीच वाजवली. "फसली! फसली की नाही?"

मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, "पप्पा, हलतायत पंख. तुमचा चष्मा कपाळावर आहे."

चष्मा खाली घेतला. पंख थरथरत होते.

खोलीत आवाज भरलाय, बायकोचं डोकं उठतंय, मोबाइलच्या रेघा वर टेकल्यात, वीतभर अंतरावर हा प्राणी जीव खाऊन ओरडतोय आणि माझ्या कानात काही म्हणता काही नाही. पंख्याची घरघर येतेय, बायकोच्या बांगड्या वाजलेल्या कळतायत, बाहेर मालगाडीचा हॉर्न येतोय. फक्त तेवढाच आवाज नाही. मुका तो नव्हता.

मग एकेक गोष्ट समोर यायला लागली. गेल्या पावसाळ्यात ताप आला तेव्हा तो पीप करणारा थर्मामीटर वाजत नाही म्हणून मी कचऱ्यात फेकला होता. बायको काही न बोलता मेडिकलमधून दुसरा घेऊन आली होती. आणि उन्हाळ्यातली ती मालगाडी! रुळांच्या पलीकडच्या बाजूला बसलेल्या माझ्या जोडीदारानं हात वर करून बोंब मारली होती, "हॉट! हॉट!" गाडी थांबल्यावर बंदूक लावली तर तापलेलं बेअरिंग माझ्या बाजूचं निघालं. माझ्या बाजूचं! सहा फुटांवरून माझ्या नाकासमोरून गेलेलं. तेव्हा मी म्हणालो होतो, वारं उलट होतं. वॅगन तिथंच काढली म्हणून निभावलं.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी बायकोला विचारलं.

ती पदरानं हात पुसत राहिली. मग म्हणाली, "तीन वर्षं झाली. तुम्ही बांधावर भांडलात ना, त्याच संध्याकाळी भाऊजींचा फोन आला होता. म्हणाले, वहिनी, बांध नुसता गर्जतोय आणि दादा म्हणतात एकही नाही. दादांना ऐकू येईना झालंय. पण तुम्ही त्यांना बोलू नका, त्यांची नोकरी कानावर आहे, तेवढी वर्षं निघू द्या. मला घेऊ द्या अंगावर."

"म्हणजे त्याला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"आणि मी पारावर त्याला..."

"हो."

मुलगी रडायला लागली होती. "हा मिशाळ काकांच्याच बांधावरचा आहे पप्पा. चिक्कार आहेत तिथं. संध्याकाळी शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, एवढे. तुम्हाला सांगायचं नाही अशी काकांनी मला शपथ घातली होती."

मी असा कधीच हादरलो नव्हतो. वडील गेले तेव्हाही नाही. मला राग आला, कुणाचा ते कळेना, आणि सवयीप्रमाणं तो बायकोवर निघाला. "अगं, पण गाड्या! माझ्या हाताखालून रोज गाड्या जातात! त्यात माणसं बसलेली असतात! तुम्हाला कुणाला एवढं कळू नये?"

"मला काय कळतंय त्यातलं?" तिचाही आवाज चढला. "बंदूक आली आता, कानाचं काही राहिलं नाही, असं तुमचीच पोरं म्हणतात ना? आणि तुम्हाला सांगायला गेलं असतं तर ऐकून घेतलं असतंत?"

सात वेळा बोट वर-खाली झाल्यावरसुद्धा मी टाळी वाजवली होती.

रविवारी सकाळची ड्यूटी होती. पहिली मालगाडी आली, मी नेहमीच्या जागी उकिडवा बसलो. चाकं समोरून जायला लागली. सगळे आवाज येत होते, ब्रेकचे, साखळ्यांचे, पत्र्यांचे. काल सकाळपर्यंत मी म्हणालो असतो, गाडी ठणठणीत आहे. आज एकेक चाक जाताना एकच प्रश्न. ह्यात ती किरकिर असली तर? ह्या चाकात? का मागच्या? मी ऐकतोय असं नुसतं सोंग करून बसलोय, आणि पलीकडचा पोरगा माझ्या भरवशावर आहे! गाडी थांबल्यावर माझ्या बाजूचं एकेक बेअरिंग मी बंदूक लावून तपासलं, दोनदा तपासलं. सगळी थंड होती.

तिथून सरळ साहेबांकडं गेलो. म्हटलं, "साहेब, मला बारीक आवाज ऐकू येत नाही. मला लाईनवर बसवू नका."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अहो, तीन वर्षं राहिलीत तुमची. नीट विचार केलाय का?"

"विचार नाही केला. तपासलंय."

त्यांनी मेडिकल तपासणीचं पत्र काढायला सांगितलं आणि तोवर मला स्टोअरमध्ये बसवलं. दुपारपर्यंत मी नटबोल्टांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या डकवत होतो. चाकं ठोकून बघायची माझी हातोडी मी पलीकडं बसणाऱ्या त्या पोराला देऊन टाकली. तो म्हणाला, "मामा, चहा घेता का?"

चारला ड्यूटी सुटली. घरी जाऊन बरणी घेतली, पिशवीत घालून मोटरसायकलला अडकवली आणि निमोण्याला निघालो. गावात शिरल्यावर आधी पारापाशी थांबलो. जिथं घाण केली तिथंच आधी निस्तरावी म्हटलं. सात-आठ माणसं होती. मी गाडीवरून न उतरता बोललो, कारण उतरलो असतो तर मला बोलता आलं नसतं. "तीन वर्षांपूर्वी मी भावाबद्दल जे बोललो ते खोटं होतं. बांधावर मिशाळ होते. मलाच ऐकू येत नाही."

कुणी चकित झालं नाही. कुणी हसलंही नाही. शेजारच्या रानातला तो गडी तिथंच होता. तो म्हणाला, "बसा दादा, पाणी प्या. आमाला ठावं हाय ते. तवाच कळलं व्हतं. तुमच्या भावानं समद्यांला सांगून ठिवलं व्हतं, दादांच्या कानावर घालायचं न्हाई म्हनून."

म्हणजे त्या दिवशी पारावर मी छाती काढून ओरडत होतो, तेव्हा समोर बसलेल्या बहुतेकांच्या बांधावर मिशाळ ओरडत होते. आणि त्या दिवसापासून तीन वर्षं अख्ख्या गावानं माझी लाज राखली होती. पाण्याला नको म्हणून मी गाडी बांधाकडं वळवली.

धाकटा बांधावरच होता, म्हशीसाठी गवत कापत. मला बघून विळा खाली ठेवला. तीन वर्षांनी मी त्या बांधावर पाय ठेवत होतो. गवत कमरेच्याही वर गेलेलं. मी बरणी उघडून मिशाळ गवतावर सोडला. तो दोन उड्यांत दिसेनासा झाला. मग मी सगळं सांगितलं. बरणी, बायकोचं बोट, साहेब, स्टोअर.

मला वाटलं होतं धाकटा रडेल, नाहीतर गळ्यात पडेल. तो ओरडला.

"सायबाला सांगितलं? तुम्ही सोता जाऊन सांगितलं? मंग मी तीन वर्सं बोलणी खाल्ली ती कशापायी? तुमचं काम जाऊ नये म्हनून गप बसलो न्हवं मी! पारावर बोललात, गप बसलो. पोराच्या लग्नात व्याह्यांम्होरं माझ्या ताटाला विष म्हनालात, तवाबी गप बसलो. घरात तोंड लपवून रडलो, पर गप बसलो! आन् तुम्हीच जाऊन सांगून आलात? मंग मी कशाला...?"

पन्नाशी उलटलेल्या माझ्या भावाचा आवाज मी जन्मात पहिल्यांदा एवढा चढलेला ऐकला. तो मला पुरता ऐकू आला.

"चुकलो रे," मी म्हणालो. "तुझ्या पाया पडतो, पण ऐक. गाडीत माणसं असतात. ती किरकिर मला कळली नाही तर ती मरतील. तुझी पोरं बसलेली असतील एखाद्या दिवशी."

तो बांधावर मटकन बसला. मग म्हणाला, "ते म्या ध्यानातच घेतलं न्हाई. मला आपलं तुमचंच दिसत व्हतं."

त्याची बायको मागं येऊन उभी राहिली होती, डोक्यावर पदर घेतलेला. माझ्याशी ती सरळ कधी बोलत नाही. नवऱ्याकडं बघून बोलली, पण मला ऐकू जाईल अशी. "सांगा की त्यांना, तीन वर्सं ह्यो बांध पेटवू दिला न्हाई तुम्ही. कापताना बी अर्धा सोडायचा. म्हनायचा, किडं वाढलं, लई झालं, तर एखाद्या टायमाला दादांच्या कानावर पडंल."

मी दुसरीकडं तोंड फिरवलं. म्हणालो, "आज मी जेवून जाणार आहे."

ती लगेच घराकडं वळली. आम्ही दोघं मागून गेलो. घर बांधाला लागूनच आहे. अंगणात पोतं अंथरलं, दोन ताटं आली, बाजरीची भाकरी, गवारीची भाजी, कांदा. त्याच रानातलं सगळं. दिवेलागण झाली होती, पण उजेड अजून होता. समोर गवत स्थिर होतं, वारं नव्हतं. मला नुसती शांतता.

"आत्ता ओरडतायत का?" मी विचारलं.

धाकटा अजून रागातच होता. उजव्या हातानं त्यानं भाकरी मोडली आणि डाव्या हाताचं एक बोट वर धरलं.

मी घास घेतला आणि बघत राहिलो. तोही जेवत होता, माझ्याकडं न बघता. मी भाजी मागून घेतली, दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर ताक प्यालो. तेवढ्या वेळात ते बोट एकदाही खाली आलं नाही.